कुंडीतला तरवड

तरवडाला खत लागत नाही, पाणीही फारसं लागत नाही. त्याला माळ लागतो, आणि तेवढाच माझ्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत नव्हता. तरी आईने दिलेलं बी मी कुंडीत लावलं. नवरात्रात घटाला तरवडाच्या पिवळ्या फुलांची माळ लागते. ती फुलं आणायला आई दरवर्षी गावामागच्या माळावर जायची. आता गुडघे तिला तो चढ चढू देत नाहीत, म्हणून यंदा फुलं मी नेणार होते.

पण अळ्यांनी सगळा पाला फस्त केला. औषध मारायला हात धजला नाही. आज सकाळी त्या उघड्या फांदीवर एक पिवळं फुलपाखरू पंख वाळवत बसलं होतं. मी आईला फोन लावला.

"फुलं नाहीत गं यंदा. फुलपाखरू आलंय."

"पिवळं ना? माळावर सोबतीला असायची ती." मग म्हणाली, "बसलंय अजून? फोन धर बघू त्याच्याजवळ."

आईचा फोन साधा, त्यावर काही दिसत नाही. तरीही मी धरला. पलीकडे आई कितीतरी वेळ ऐकत राहिली.