वाटेत विणाऱ्या शेळ्या

दुरपदामावशी, आम्ही शेवटचा घाट उतरलो त्या सकाळी तू आयला हाताला धरून उठवलंस, आठवतं? आंबोलीच्या घाटात उंबराखाली ती बसून राहिली होती. घोड्यावर बिऱ्हाड लादलं, शेळ्या पुढं गेल्या, बा हाका मारून दमला. आय हलेना. त्या उंबराखाली माझा धाकटा भाऊ पुरलाय. आदल्या हिवाळ्यात उतरताना तिथंच जन्मला, तिथंच थंडीनं गेला. नावसुद्धा ठेवलं नव्हतं. आणि बा तर म्हणत होता, यंदा करडं जगली तर परत वर यायचं नाही.

दर हिवाळ्यात आपण खाली कोकणात आरोंद्याच्या बागांत शेळ्या बसवायचो, खताच्या बदल्यात तांदूळ घ्यायचो. हातात काय उरायचं? डोंबल! निम्मी करडं घाटातच मरायची. मग वेंगुर्ल्याच्या जनावरांच्या डॉक्टरांनी बाला समजावलं, "वाटेत विऊ देऊ नका. बोकड उशिरा सोडा, म्हणजे शेळ्या खाली पोचल्यावर वितील." बोकड शेळ्यांवर चढू नये म्हणून बानं त्याच्या पोटाखाली गोणपाट बांधलं. तुम्ही काय हसलात! बोकडाला लुगडं नेसवलं म्हणालात. पण त्या साली करडं जगली, बाजारात वजनावर विकली गेली. बाचा चेहरा फुलला होता.

आय करडांकडं बघत एकदाच बोलली, "शेळीची येळ राखायची अक्कल आली. माझी येळ कुणी राखली न्हाय."

बागवाल्या काकी म्हणाल्या, "हयच रवा गो. चेडवाक शाळेत घालूया." आम्ही इथंच राहिलो, मी शाळेत गेले. आता मी मालवणीत माका-तुका बोलते, बांगड्याच्या कढीशिवाय जेवत नाही, बोकडाची गिऱ्हाइकं मोबाइलवर येतात. शेळ्यांना चांगला लाकडी माच आहे. बाला वाटतं, आपण जिंकलो. खरंच आहे ते.

आय मात्र या घरात पाहुणीसारखी राहिली. संध्याकाळी करडू ओरडलं की ही दारात. "कोण रडतंय गं?" मला भीती वाटायची, खोटं कशाला बोलू? कधी कधी मलाही ते बाळासारखंच ऐकू यायचं.

दर हिवाळ्यात तुम्ही घाट उतरून खाली आलात की पाण्याचा तांब्या देण्याआधी ती विचारायची, "थांबलासा का उंबराखाली?" तू म्हणायचीस, "थांबलो. पहिलं दूध वतलं." तेवढ्यावर ती वर्ष काढायची.

यंदा तुम्ही शेळ्या टेम्पोतून आणल्यात. बरंच केलंत, राग नाही माझा. माणसांचे पाय वाचले, करडं वाचली. पण आयनं विचारलं आणि तू मान खाली घातलीस. "टेम्पो थांबत न्हाय गं तिथं."

तुम्ही बागेकडं गेलात आणि दुसऱ्या दिवशी तिनं स्वतः शेळी पिळली, डब्यात दूध भरलं, चप्पल घातली. गुडघे तिला धड चालू देत नाहीत, पण ऐकेल तर शपथ! मी निघाले मागोमाग. सावंतवाडीला गाडी बदलली, घाटाची धरली. कंडक्टरनं विचारलं, "आये, खंय जावचा आसा?"

इतकी वर्षं आरोंद्यात काढून आमच्या दाराला जो शब्द तिनं कधी लावला नव्हता, तो ती चटकन बोलली.

"घरला."