एमलिनची गाडी का सुरू झाली नाही

एमलिन प्यूला मी पन्नास वर्षांत कधी खुर्चीत बसलेलं पाहिलं नव्हतं. चॅपलमध्येसुद्धा हा माणूस मागच्या भिंतीला टेकून उभा राहायचा. त्या एप्रिलमध्ये मात्र तो चार दिवस स्वयंपाकघराच्या खिडकीशी दुर्बीण घेऊन बसून होता. मेंढ्या समोरच्या डोंगरावर आणि क्वाड शेडमध्ये बंद. खुबा कामातून गेल्यापासून चार जाड चाकांची ती मोटारसायकल हेच त्याचे पाय होते. मेंढ्या व्यायला लागलेल्या, आणि याला अंगणाचं फाटक ओलांडता येत नव्हतं. शेवटी नाइलाजाने त्याने मला बोलावलं. वेल्समधल्या आमच्या दरीतली सगळी यंत्रं मीच दुरुस्त करतो, आणि लोक ती आधी नीट बिघडवून ठेवतात.

"पेट्रोल आहे," काठीवर रेलून एमलिन म्हणाला. "कुत्र्याचा पाय लागून बंद होतो तो लाल खटका बघितला. गिअर न्यूट्रलला आहे. मला शिकवू नकोस."

"मी अजून तोंड उघडलं नाही."

"उघडणार होतास."

चावी फिरवली तर एकही दिवा लागला नाही. बॅटरी तपासली, ती ठणठणीत. मग सीट उचलून मुख्य फ्यूजचा डबा उघडला. एमलिनला मैलभरावरची मेंढी ओळखू येते, पण हातातला खिळा दिसत नाही, आणि वाकणं तर बंदच. डब्यात फ्यूज नव्हता. शेजारी एक जादाचा ठेवलेला असतो, तोही नव्हता. फ्यूज जळतो, उठून चालू लागत नाही.

मागे त्याची बायको नेस्टा चहा घेऊन उभी होती. एमलिन कुत्र्यावर खेकसत बाहेर गेला तशी ती हळूच म्हणाली, "पार्ट मिळत नाही म्हणून सांग."

"नेस्टा, मला यात ओढू नका."

"नोव्हेंबरात ही गाडी उलटून सहा तास त्याच्या अंगावर होती. मला सापडला तेव्हा ओठ निळे पडले होते. परत त्याला शोधायला मी जाणार नाही, डिल्विन. माझ्यात तेवढा जीव नाही."

मला राग आला. तिचा, त्याचा, आणि जास्त माझा, कारण दोन्हीकडून माझी कोंडी झाली होती. एमलिन आत आला.

"पार्ट मागवावा लागेल," मी म्हणालो. "आठ-पंधरा दिवस जातील."

त्याने नुसती मान हलवली. शंका घेऊन चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

मेंढ्या शेजाऱ्याने सांभाळल्या. नेस्टा रोज डोंगर चढून जायची आणि खाली येऊन त्याला सांगायची, "फाटक्या कानाच्या मेंढीला दोन पिल्लं झाली."

"उभी राहून प्यायली का? आईला दूध किती आहे?"

"मला काय कळतंय त्यातलं?"

तो पुन्हा दुर्बीण लावायचा. पुढे त्याने विचारणं सोडलं. मग दुर्बीणही हातात घेईना. मी त्यांच्या फाटकावरून जाताना गाडीचा वेग वाढवायचो.

तिसऱ्या आठवड्यात नेस्टाचा फोन आला. "ये आणि फ्यूज बसव. काल दिवसभरात तो एक शब्द बोलला नाही. मी त्याला वाचवायला गेले होते रे."

फ्यूज बसवला, बटण दाबलं, इंजिन पहिल्याच दमात सुरू झालं. आवाज ऐकून एमलिन भिंत धरत धरत आला. त्याच्या डोळ्यांत अशी चमक होती की मला बघवेना. कुत्रं आधीच मागे चढून बसलं होतं. त्याने हँडल धरून पाय उचलला. तो सीटवरून पलीकडे जाईना. पुन्हा उचलला. खुर्चीत बसून बसून खुबा पार आखडला होता. मी पुढे झालो, तर त्याने कोपराने मला बाजूला सारलं. तिसऱ्यांदा पाय जेमतेम वीतभर उठला.

नेस्टा दारातून काहीतरी म्हणायला गेली.

"राहू दे गं," तो म्हणाला, आणि मग माझ्याकडे वळून, "तुझ्या कामात खोट नाही. पार्टच उशिरा आला, त्याला तू काय करणार? बंद कर आता, उगाच पेट्रोल जळतंय."

खरं सांगायची वेळ तीच होती. मी चावी फिरवली.