कडेगावच्या अंगणातला लघुग्रह

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी कराडच्या एका शाळेत विज्ञान शिकवत होतो आणि कडेगावच्या एका मुलीशी माझं लग्न ठरलं होतं. सुपारी फुटली, तारीख निघाली, आणि पेपरात बातमी आली की नेमक्या त्याच दिवशी एक छोटा लघुग्रह पृथ्वीजवळून जाणार आहे. होणाऱ्या सासऱ्यांचा, म्हणजे आबांचा, लगेच निरोप आला, लग्न पुढच्या वर्षी बघू. मी दुपारच्या एसटीने कडेगाव गाठलं.

"आवं पाव्हणं, आभाळातनं धोंडा येतोय आन आमी मांडव घालायचा व्हय?"

"आबा, तो चंद्राच्याही पलीकडून जाणार आहे."

"चंद्र काय लांब हाय? रोज तर दिसतोय."

मी मास्तरकीवर आलो. अंगणात मधोमध कळशी ठेवली, तो सूर्य. दोरीने पृथ्वीचं वर्तुळ आखलं, दोन खुंट्यांना सैल दोरी लावून लघुग्रहाची लांबट कक्षा काढली, वरून चुन्याची फक्की टाकली. आकृती अगदी फक्कड जमली होती. आबांनी दोन्ही रेघा एकमेकींना छेदतात तिथे पाय ठेवला.

"म्हंजे हितं चौक झाला. चौकात उसाच्या ट्रॉल्या काय करत्यात, ते मला नगा सांगू."

मीच माझ्या हाताने लग्न मोडायला निघालो होतो. तेवढ्यात दारातून ती बाहेर आली. बारावी सायन्सला चांगले मार्क पडूनही लग्न ठरलं म्हणून तिला घरी बसवलं होतं. हातात भरतकामाची दोन कड्यांची लाकडी रिंग होती. तिने मोठ्या कड्याचा स्क्रू काढला, बारकं कडं साखळीसारखं त्यात अडकवलं आणि तिरकं धरलं.

"आबा, ह्यांनी सपाट जमिनीवर काढलंय म्हणून रेघा एकमेकींवर आल्या. धोंड्याची वाट अशी तिरकी असती. मोठं कडं आपलं, बारकं त्याचं. कुठं शिवतंय का बघा."

आबांनी डोळे बारीक करून चारी बाजूंनी पाहिलं. कुठेच शिवत नव्हतं.

"तुला कुणी शिकिवलं गं?"

"पुस्तकात हाय की. तुमी कॉलेज बंद केलं, पुस्तकं न्हाई."

आबांची भीती गेली. मी मनातल्या मनात मुंडावळ्याही बांधल्या. पण त्यांची नजर आता कड्यांवर नव्हती, लेकीवर होती.

"पाव्हणं, धोंडा जाऊ दे तिकडं. पोरगी लय हुशार हाय, मला कळलंच न्हाई. तिला कॉलेज करू द्यावं म्हंतो. तीन वर्सं थांबशीला का?"

मनातल्या मुंडावळ्या मी परत सोडल्या. कांदेपोह्यांच्या वेळी मान खाली घालून बसलेली ती मुलगी आता थेट माझ्याकडे बघत होती, श्वास रोखून.

"थांबतो," मी म्हणालो.

एक वर्ष वाचवायला गेलो आणि तीन वर्षं घालवून आलो. आणि कराड येईपर्यंत एसटीत एकटाच वेड्यासारखा हसत होतो.