दोन बोटांनी उलगडलेला पंख

"मुलगी झालीये, आजी," नौपाड्यातल्या दवाखान्यात नर्स काल जपून म्हणाली. नातीला उबेसाठी पिवळ्या दिव्याखाली ठेवलं होतं. मी त्या उबेवर वाकले आणि एकदम बाळकुमला, शेजारच्या हिराकाकीच्या पडवीत पोचले.

मी लहान होते तेव्हा बाळकुम गावच होतं. काकीने खोक्यात भाताचा कोंडा पसरून वर बल्ब सोडलेला, खाली कोंबडीची आठ-दहा दिवसांची पिल्लं पेंगत होती. तापलेल्या कोंड्याचा गोडसर वास पडवीभर पसरला होता. काकी एकेक पिल्लू तळहातावर घेऊन त्याचा पंख दोन बोटांनी अलगद उलगडत होती. मादीला पिसं लवकर फुटतात, म्हणे. पिसं आखूड दिसली की ती नुसतं "नर" म्हणायची आणि पिल्लू खाली ठेवायची. लांब दिसली की तिचा चेहरा फुलायचा. "मादी हाय गो, मादी!"

मी आमच्या घरातली तिसरी मुलगी. मी झाल्याचं आजोबांना सांगायला कोणी पुढे होईना, हा घरातला नेहमीचा विनोद होता.

मी तेच मादी पिल्लू उचलून पुन्हा काकीच्या हातात दिलं.

"अगो, हीच त मघाशी बघितली!"

"तरी परत बघ ना, काकी."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा पंख उलगडला आणि मघापेक्षा मोठ्याने ओरडली. अंड्यांच्या आशेने ओरडली असेल. मला ते माझ्याबद्दलच वाटलं होतं.

काल मी नातीची मूठ दोन बोटांनी अलगद उलगडली आणि नर्स दचकेल एवढ्या मोठ्याने म्हणाले, "मुलगी हाय गो, मुलगी!"