आमचा अल्बम आणि केदारखेड्याचा मका

आता माझी फजिती ऐकायचीच आहे ना? मंग चहा आधी खाली ठेवा, ठसका लागेल.

आम्ही चौघं जालन्यात ऑफिसात खर्डेघाशी करणारे. गोंधळ, भारूड, जात्यावरच्या ओव्या घेतल्या, त्यावर इलेक्ट्रिक गिटार अन् ड्रम चढवले आणि काढला फोक रॉक अल्बम. गायलो मी. म्हणजे ओरडलो. रॉकमध्ये असंच असतं, असं बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "असेल. दार लावून घ्या."

अल्बम नेटवर टाकला, नातेवाइकांना पाठवला. सख्ख्या भावानं न ऐकताच अंगठा पाठवला. बस, एवढंच कौतुक. बँड मोडायच्या बेतात आल्ता, तेवढ्यात केदारखेड्याहून मामांचा फोन.

"भाच्या, तुझंच गाणं लागून राह्यलंय इथं. सगळ्या शिवारात."

"लोकांना आवडलं?"

"लई फायदा झाला गावाचा. सत्कार ठेवलाय. जल्दी ये."

रविवारी चौघं काळे कुडते घालून गेल्तो. पारावर शाल, नारळ, फेटा. मंग मी थांबतोय व्हय? म्हणालो, "शहराला हे संगीत कळलं न्हाई. ज्यांना कळायचं, त्यांना बराबर कळलं."

पुढचे एक आजोबा म्हणाले, "पहिल्या ओळीलाच उठतात."

नाचायला उठत असतील, असं मी समजलो. खरं सांगतो, डोळे भरून आले.

"चल, कुठं लागतं ते दाखवतो," म्हणत मामांनी मक्याच्या रानात नेलं. मधोमध बांबूला भोंगा बांधलेला. मामांनी बटण दाबलं. भोंग्यातून माझी किंकाळी निघाली अन् मक्यातून रानडुकरांचा कळप जो उधळला, तो थेट ओढ्यापलीकडं.

"फटाके लावले, वाघाची डरकाळी लावली, बिलकुल हलंनात," मामा कौतुकानं सांगत होते. "तुझा आवाज आला की मागं वळून बघत न्हाईत."

गिटारवाला मित्र तोंड फिरवून हसत होता. मी म्हणालो, "मामा, ते गिटारमुळं असेल."

"न्हाई रे. गिटार वाजते तवर निवांत खातात. तू तोंड उघडलं की पळतात. तेवढी गिटार गाण्यातनं काढून दे."

काढून दिली. काय करता? आहेर घेऊन बसलो होतो.

परवा राजूरहून एकाचा फोन आल्ता. वानरांसाठी काही जमेल का, विचारत होता.

सध्या रियाज करून राह्यलोय.