न बिघडलेली मोटर

शहापूरजवळच्या पंपहाऊसमधली एक धडधाकट मोटर मी एकदा बिघडलेली ठरवली होती, तेही ठणकावून. डिप्लोमा नवा, चष्मा नवा आणि खिशात टेस्टर असा खोचलेला की जणू बिल्लाच... हे सांगितलं की माझ्या नाती हसतात, मीही हसते. ही फजिती आज आठवली, कारण मागच्या महिन्यात काशिनाथचा फोन आला. धसईचा हा फिटर त्याच पंपहाऊसमधून रिटायर झाला. "बाई, नलूताई गेल्या," एवढंच म्हणाला.

नलूताई आमच्या पाणीपुरवठा खात्यात टेस्टिंग इंजिनियर, राहायला मुरबाडला. पुरुषांच्या त्या खात्यात त्यांच्यापुढे आवाज चढवायची कुणाची छाती नव्हती, आणि त्यांनी स्वतः कधी चढवला नाही. नव्वदीच्या दशकातली गोष्ट. काशिनाथ तेव्हा ठेकेदाराकडे रोजंदारीवर होता. मोटरचं वाइंडिंग, म्हणजे आतली तांब्याची गुंडाळी, त्याने नव्याने भरलं; बिघाड दिसताच मोटर बंद पाडणाऱ्या रिलेच्या वायरी मी जोडल्या. बटण दाबलं की मोटर घुमायची आणि लगेच ट्रिप होऊन बंद पडायची. रिलेवर डिफरन्शियलची खूण. म्हणजे बिघाड मोटरच्या आत. मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, वाइंडिंग कच्चं भरलंय. ठेकेदाराने काशिनाथला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं.

दुपारी नलूताई एसटीने आल्या. अर्ध्या गावाचे नळ कोरडे. साहेब म्हणत होते, रिले बाजूला काढा, मोटर चालवा. ताईंनी साफ नकार दिला. आधी मेगर हे तपासणीचं यंत्र लावून वाइंडिंग तपासलं, ते ठणठणीत. मग मला समजावलं, वाइंडिंगमध्ये जाणारा आणि बाहेर पडणारा प्रवाह सारखा आहे का, एवढंच हा रिले बघतो. प्रवाह मोजणाऱ्या एका बाजूच्या वायरी उलट लागल्या तर चांगली मोटरही त्याला बिघडलेली दिसते. त्यांना चूक केव्हाच दिसली असणार. तरी त्यांनी ड्रॉइंग हातात धरलं आणि एकेका वायरीवरचा नंबर मला मोठ्याने वाचायला लावला. त्यांची पद्धतच ती... मधेच एका नंबरावर मी थांबले; त्या वायरी मीच उलट जोडल्या होत्या.

वायरी सुलट केल्या, मोटर चालू झाली आणि चालूच राहिली. ठेकेदाराची समजूत मात्र तीच, काशिनाथचं कच्चं काम ताईंनी निस्तरलं. मी हळूच मागच्या चिंचेखाली गेले. काशिनाथ डबा पिशवीत भरून बसला होता. त्याला सगळं सांगितलं, हात जोडले. "ऱ्हाऊ द्या बाई, व्हतं असं," तो म्हणाला. मी हलकी होऊन आत आले. ठेकेदार, साहेब, सगळे चहा पीत होते. नलूताईंनी खिडकीतून पाहिलं असावं. माझा कप हातात देत हळूच म्हणाल्या, "दोष चारचौघांत दिलास ना गो? मग चूक चिंचेखाली नेऊन का सांगतेस?"