व्यंकटरावांची पिल्लं

चहा घ्या, मग माझी फजिती ऐका. हसायचं ते शेवटी हसा.

मी नांदेडला एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. अर्धापूरच्या एका कॉलेजानं मला व्याख्यानाला बोलावलं होतं. विषय माझा लाडका, 'काहीही गृहीत धरू नका'. स्टँडवर घ्यायला माणूस येणार होता.

बसमधून उतरले तर एक गृहस्थ जीप घेऊन उभे.

"नांदेडच्या मॅडम ना? कवाची वाट बघून राहिलो."

बसले की मी जीपमध्ये. कुठल्या कॉलेजातून आलात, विचारलं का? नाही. मानसशास्त्राची बाई, चेहरा बघितला की सगळं कळतं आपल्याला.

नाव त्यांचं व्यंकटराव. गाडी चालवता चालवता म्हणाले, "मॅडम, आमची पिल्लं लई सुकून चाललीत."

विद्यार्थ्यांना पिल्लं म्हणतो! मला हा माणूस एकदम आवडून गेला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"महिना झाला. पिवळी पडलीत. मान टाकून उभी ऱ्हातात नुसती."

"फार दाटीवाटीनं बसवता का?"

"न्हाई हो, पाच-पाच फुटावर हायेत."

शिस्तीचं कॉलेज दिसतंय, मी मनात म्हटलं.

"खुराक येळच्या येळी देतो," ते म्हणाले.

"नुसत्या खुराकानं भागत नाही व्यंकटराव. रोज त्यांच्याशी बोलायला पाहिजे. प्रेमानं, नाव घेऊन."

त्यांनी रस्त्यावरची नजर काढून माझ्याकडं बघितलं. "नाव घेऊन? हजारांनी हायेत मॅडम."

मग म्हणाले, "जी लईच अशक्त होती, ती काल कोयत्यानं छाटून टाकली."

मी गाडी थांबवायला लावली, पर्समधून मोबाइल काढला आणि पोलिसांचा नंबर लावायला लागले.

"पोलीस कशाला?" व्यंकटराव घाबरले. "माझ्याच केळीची पिल्लं हायेत की ती!"

केळीच्या बुंध्याला फुटतात ना कोंब, काढून शेतात लावतात ते, ती पिल्लं. त्यांना पाहिजे होत्या कृषी खात्याच्या मॅडम. त्या बिचाऱ्या स्टँडवर उभ्या, आणि मला न्यायला आलेला कॉलेजचा माणूसही तिथंच उभा.

व्यंकटरावांनी मुकाट्यानं मला कॉलेजात सोडलं. हॉल भरलेला, पोरं ताटकळलेली. मी माइक हातात घेतला आणि म्हटलं, "माफ करा, ट्रॅफिक लागलं."

पहिल्या रांगेतली एक मुलगी उठली. "मॅडम, आम्हीपण नांदेड रोडनंच आलो. कुठं होतं ट्रॅफिक?"

"शाब्बास," मी म्हटलं. "असाच प्रश्न विचारायचा असतो. बस खाली."

ती बसली नाही.

"विचारला की मॅडम. आता उत्तर सांगा."